बायबलाबाहेर राहिलेल्या पोथ्या

काळी नदीच्या उगमाकडील ज्या डोंगराळ मुलखाला पूर्वी सुपा म्हणत आणि आज जोयडा तालुका म्हणतात, त्या मुलखातील घनदाट अरण्यात उळवी नावाचे एक क्षेत्र आहे. बाराव्या शतकात बिज्जल राजाच्या वधानंतर कल्याण नगरीत जो अनर्थ ओढवला, त्यातून निसटलेले शरण, म्हणजे लिंगायत संत, चन्नबसवण्णांसह राजसैन्याचा पाठलाग चुकवीत येथवर आले, आणि येताना अन्नवस्त्रापेक्षाही अधिक जपून त्यांनी वचनांच्या ताडपत्रांची गाठोडी आणली, अशी लिंगायत परंपरा सांगते. चन्नबसवण्णांची समाधी उळवीसच आहे, आणि माघी पौर्णिमेच्या यात्रेला आजही धारवाडकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून घाट चढत येतात. घरोघर विखुरलेली अशी ताडपत्रे धुंडाळून फ. गु. हळकट्टी यांनी १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले, तेव्हा सात शतके केवळ भाविकांच्या कपाटात राहिलेले ते वाङ्मय विद्वानांच्या आणि सामान्य वाचकांच्या हाती आले. राजसत्तेची किंवा धर्मसत्तेची गैरमर्जी झाली म्हणजे ग्रंथ रानावनाचा आश्रय घेतात, हे या तालुक्याला नव्याने सांगावयास नको.

याच तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गोव्यातून घाट चढून आलेली कोंकणी बोलणारी कॅथलिक घराणी, मुरगावच्या लोहमार्गाबरोबर कॅसलरॉकच्या वस्तीत स्थिरावलेले लोक, आणि हल्याळ-यल्लापूरकडील रानांशी नाते सांगणाऱ्या सिद्दी समाजातील ख्रिस्ती, असा हा समाज बहुरंगी आहे. १९७६ साली कारवारचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच्या छत्राखाली तो येतो. या समाजातील शिकलेल्या तरुणांसमोर, आणि मराठी ख्रिस्ती समाजातील वाचकांसमोरही, अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊन उभा राहतो. येशू ख्रिस्ताविषयीची 'दडवून ठेवलेली' शुभवर्तमाने सापडली आहेत असे पुस्तकांतून आणि चित्रपटांतून ते ऐकतात, आणि मग बायबलाबरोबर ही पुस्तकेही आपण अभ्यासावी काय, असे विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु वाचनाचा क्रम कोणता आणि त्या पोथ्यांना द्यावयाचा दर्जा कोणता, याविषयी माझे काही आग्रह आहेत, आणि ते समजण्यासाठी हे वाङ्मय मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे.

ग्रीक भाषेत ज्ञानाला 'ग्नोसिस' म्हणतात. त्यावरून ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया, रोम आणि सीरिया या प्रदेशांत पसरलेल्या अनेक संप्रदायांना मिळून नॉस्टिक असे नाव पडले. बॅसिलिडीस आणि व्हॅलेंटायनस हे त्यांतील विख्यात आचार्य. हा एक पंथ नव्हता, त्याला एक पीठ नव्हते, आणि आपणांस या नावाने सगळ्यांनी एकत्र ओळखावे अशी त्यांची स्वतःची इच्छाही नव्हती. तथापि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कथनात एक सूत्र सापडते. अगदी वर, वाणीला अगोचर असे एक परमतत्त्व आहे. त्यापासून दिव्य तत्त्वांच्या जोड्या प्रकट झाल्या. त्यांतील सोफिया, म्हणजे प्रज्ञा, आपली मर्यादा ओलांडून गेली, आणि त्या स्खलनातून एक अज्ञानी कारागीर जन्मला, ज्याने हे जग घडविले आणि आपल्यावाचून दुसरा देव नाही अशी घोषणा केली. हा कारागीर म्हणजेच जुन्या करारातील निर्माता परमेश्वर, असे यांपैकी अनेकांचे म्हणणे. माणसाच्या देहात त्या वरच्या प्रकाशाचा एक कण अडकला आहे, तारक येतो तो पापाचे प्रायश्चित्त घेण्यासाठी नव्हे तर त्या कणाला त्याच्या मूळ घराची आठवण देण्यासाठी, आणि ज्याला ही आठवण झाली तो मुक्त झाला.

'अमृतानुभव' वाचलेल्या मराठी माणसाला हे ऐकून आपल्या ओळखीचे काही भेटल्याचा आनंद होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तो आनंद खोटाही नाही. तरी येथे सावध राहावे. ज्ञानेश्वरांना विश्व हे चैतन्याचा विलास वाटते, ते कोणा अज्ञान्याची करणी वाटत नाही. नॉस्टिकांना ते बहुधा तुरुंगच वाटते. ज्ञानाने मुक्ती हे दोहोंत समान असले तरी कशापासून मुक्ती, या प्रश्नाची उत्तरे निराळी आहेत.

या मंडळींचे मूळ ग्रंथ दीर्घकाळ जवळजवळ नष्टच झाले होते. लंडनच्या संग्रहालयात १७८५ साली आलेली 'पिस्टिस सोफिया'ची पोथी, बर्लिनने १८९६ साली मिळविलेली मरियेच्या शुभवर्तमानाची पोथी, असे थोडे अवशेष सोडले तर जगाच्या दप्तरात फिर्यादीची कैफियत तेवढी शिल्लक होती आणि प्रतिवादीची जबानी हरवली होती. डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ, जबल-अल-तारिफच्या पायथ्याशी, शेतासाठी खतमाती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक मोठे मातीचे रांजण लागले, आणि त्यात चामड्याच्या बांधणीच्या पपायरसच्या पोथ्या निघाल्या. काही पाने घरात चुलीत गेली असेही सांगितले जाते. उरलेल्या तेरा पोथ्यांत, तेरावीची अवघी काही पाने धरून, बावन्न ग्रंथ आहेत; भाषा कॉप्टिक, पोथ्यांचा काळ चौथे शतक, आणि मूळ रचना बहुशः ग्रीक व त्याहून जुन्या. थोमाचे शुभवर्तमान, फिलिपाचे शुभवर्तमान, सत्याचे शुभवर्तमान, योहानाचा गुप्तग्रंथ, आणि या सर्वांच्या सोबतीला प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील एक तुकडादेखील त्यात आहे. १९७७ साली जेम्स रॉबिन्सन यांच्या संपादनाखाली संपूर्ण संग्रहाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि दोन वर्षांनी इलेन पेगल्स यांच्या पुस्तकाने तो विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला.

आता ही पुस्तके बायबलात का नाहीत, या प्रश्नाकडे वळतो. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२५ सालच्या निकेयाच्या परिषदेत काही शुभवर्तमाने निवडली आणि उरलेली दडपली, अशी एक समजूत २००३ सालच्या 'द दा विंची कोड' या कादंबरीने फार फैलावली. ती निराधार आहे. निकेयात पुत्र आणि पिता यांच्या स्वरूपाविषयी वाद झाला. ग्रंथांच्या यादीचा ठराव तेथे झाला नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीसच बहुतेक मंडळ्यांत मान्य झाली होती, आणि आज आपल्या नव्या करारात असलेली नेमकी सत्तावीस पुस्तके सांगणारी सर्वांत जुनी उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने ३६७ साली आपल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. त्याच पत्रात त्याने इतर गुप्तग्रंथ वर्ज्य ठरविले, आणि नाग हम्मादीच्या पोथ्या त्या सुमारास जवळच्या मठातील साधूंनी पुरल्या असाव्यात असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, ज्या माणसाने त्या पोथ्या जाळण्याऐवजी रांजणात घातल्या त्याचे ऋण सगळ्यांनीच मानले पाहिजे, चर्चनेसुद्धा.

यादीचा प्रश्न पुढेही पूर्णतः मिटला नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली त्र्याहत्तर पुस्तके निश्चित केली, प्रॉटेस्टंट मंडळ्या सहासष्ट मानतात, इथिओपियाचे ख्रिस्ती एक्याऐंशी मानतात, आणि सिरियाक भाषेतील प्राचीन पेशित्ता बायबलात नव्या कराराची बावीसच पुस्तके होती. मराठी वाचकाला यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी ताकीद दिली. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी लिपी उलगडल्यावर बाहेरच्या जगाला वाचता आले, आणि 'लीळाचरित्र' हाती आल्यावाचून मराठी गद्याचा इतिहास अपुरा होता हे मग सर्वांनी मान्य केले. त्यासाठी वारकऱ्याला महानुभाव व्हावे लागले नाही.

चर्चच्या इतिहासात या विषयाकडे पाहण्याचे दोन मार्ग दिसतात आणि त्या दोहोंची नावे घेण्याजोगी आहेत. पहिला मार्ग लियाँचा बिशप आयरेनियस याचा. त्याने १८० च्या सुमारास नॉस्टिकांच्या खंडनार्थ पाच खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि खंडन करण्यापूर्वी त्याने त्यांचे ग्रंथ मिळविले, वाचले, त्यांची मते क्रमाने मांडली. त्याचे शब्द कठोर आहेत, कित्येक ठिकाणी अन्यायकारकही आहेत. परंतु योहानाच्या गुप्तग्रंथाची कॉप्टिक प्रत पुढे उपलब्ध झाली तेव्हा आयरेनियसने दिलेला सारांश त्यातील पूर्वार्धाशी बऱ्याच अंशी जुळतो असे आढळून आले. यहूदाच्या शुभवर्तमानाचा उल्लेखही त्याने केला होता, आणि ती पोथी २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्या माणसाने नॉस्टिक मताचा सर्वांत प्रखर विरोध केला तोच त्याचा सर्वांत चौकस वाचक होता. जे नॉस्टिक ग्रंथ वाचणे हेच श्रद्धेचे स्खलन समजतात त्यांनी आपल्याच पूर्वाचार्याचे हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

दुसरा मार्ग आपल्या अगदी शेजारून गेला आहे. गोव्याचा आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस १५९९ साली मलबारात गेला आणि जून महिन्यात उदयंपेरूर येथे त्याने धर्मसभा भरविली. थोमा प्रेषिताची परंपरा सांगणाऱ्या तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या अंमलाखाली आणणे हा तिचा हेतू. त्या सभेने वर्ज्य सिरियाक पुस्तकांची यादी केली, त्यांत बाल येशूच्या कथांचे एक पुस्तकही होते, आणि ही पुस्तके स्वाधीन करावी, ती सुधारावी किंवा जाळावी असा हुकूम निघाला. त्याच सभेने त्या लोकांच्या नव्या करारात नसलेली पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पुस्तके भर घालून घेण्यास फर्माविले. एका हाताने ग्रंथ जोडले गेले, दुसऱ्या हाताने ग्रंथ अग्नीत गेले. मलबारच्या ख्रिस्ती समाजाचा सोळाव्या शतकापूर्वीचा इतिहास आज इतका विरळ आहे याला ती आग मोठ्या अंशाने कारण झाली, आणि हा तोटा चर्चचाच झाला, हे मला अतिशय दुःखाने लिहावे लागते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता आणि तो १८१२ पर्यंत चालला. त्या काळात सरहद्द ओलांडून कानडा मुलखात आलेल्या ख्रिस्ती लोकांचे काही वंशज आज जोयडा-हल्याळच्या बाजूला आहेत. त्याच गोव्यात रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, आणि त्याची जी विद्वत्तापूर्ण आवृत्ती जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये काढली ती कानडा मुलखातील मंगळुरास निघाली, कारण तेथील घरांनी ते पुराण जपले होते. जाळणाऱ्यांच्या आणि जपणाऱ्यांच्या या दोन्ही वारशांपैकी कोणता आपला मानायचा याची निवड येथील ख्रिस्ती माणसाला करता येते.

बायबलाबाहेरचे काहीच नको, असे म्हणणाऱ्या भाविकाने आपले स्वतःचे पंचांग उघडून पाहावे. येशूची आई मरिया हिच्या आईचे नाव आना आणि वडिलांचे नाव जोकिम, हे चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. ते दुसऱ्या शतकातील, याकोबाच्या नावावर चालणाऱ्या एका ग्रंथातून आले. तरीही गोव्यातील तळावलीच्या सांताना चर्चमध्ये जुलै अखेरीस संततीची इच्छा धरणारी जोडपी संत आनेला तवशी वाहतात, आणि त्या उत्सवाला तवशांचे फेस्त असेच नाव आहे. नाताळच्या गोठ्यातील बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. तीन राजांची गास्पार, मेल्किओर, बाल्ताझार ही नावे मत्तयाने दिलेली नाहीत. अर्थात ज्या ग्रंथांतून हे सारे आले ते नॉस्टिक नव्हेत. बायबलाबाहेर राहिलेले सर्व वाङ्मय एका जातीचे नाही: काही केवळ भक्तीने रचलेली लोककथा आहे, काही बोधवचनांचा संग्रह आहे, आणि काहींत मात्र सृष्टीच्या निर्मात्यालाच खाली ओढणारा सिद्धांत आहे. हा भेद ज्याला कळत नाही तो एक तर सर्व फेकून देतो किंवा सर्वांवर सारखाच विश्वास ठेवतो.

भारतीय ख्रिस्ती माणसाला ज्या एका ग्रंथाकडे पाठ फिरविता येणार नाही तो म्हणजे 'थोमाची कृत्ये'. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा एडेसा नगरीच्या परिसरात, सिरियाक भाषेत तो रचला गेला. त्यात थोमा भारतात जाण्यास कुरकुर करतो, म्हणून येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो. तो सुतार आणि गवंडी म्हणून गुंदाफर राजाच्या दरबारी पोचतो, राजवाडा बांधण्यासाठी मिळालेले द्रव्य गोरगरिबांत वाटून टाकतो, आणि राजा त्याला कैद करतो तेव्हा राजाचा मेलेला भाऊ गाद पुन्हा जिवंत होऊन सांगतो की तुझा वाडा स्वर्गात बांधून तयार आहे. शतकानुशतके हा राजाच काल्पनिक समजला जात होता. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाब येथे गोंडोफरिस राजाची नाणी सापडू लागली, आणि तख्त-ई-बाहीच्या खरोष्टी लेखातून त्याच्या राज्याचे सव्विसावे वर्ष इ.स. ४६ च्या आसपास येते असे मानले जाते. ज्या ग्रंथाला चर्चने बाजूस सारले त्याने पहिल्या शतकातील एका भारतीय राजाचे नाव सांभाळून ठेवले होते.

परंतु याच ग्रंथात आणखी काय आहे तेही वाचले पाहिजे. एका राजकन्येच्या विवाहाच्या रात्री नवरानवरीला उपदेश होतो की हा संग मलिन आहे, लेकरे म्हणजे चिंता आणि पाप यांचे मूळ आहे, आणि ते दोघे संसार न करताच वेगळे राहण्याचे व्रत घेतात. मणी या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांना हा ग्रंथ प्रिय होता तो यामुळेच. येथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. ऑगस्टमध्ये गोव्यात कणसांचे फेस्त होते, भाताची पहिली लोंबी वेदीपाशी आणून पाद्री तिला आशीर्वाद देतात, आणि नव्या भाताचे दाणे घरात शिजतात. जोयड्याच्या दऱ्यांत भात पिकविणाऱ्या माणसाला हा विधी समजावून द्यावा लागत नाही. तो विधी संभवतो कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने आपली निर्मिती पाहिली आणि ती चांगली असल्याचे त्याला दिसले. हे जग एका अज्ञानी कारागिराने रचलेला तुरुंग असेल तर भाताच्या लोंबीला आशीर्वाद कशाचा द्यायचा? लग्न पवित्र कशाने, आणि तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी ओतताना आनंद कशाचा? बायबल आणि नॉस्टिक ग्रंथ यांच्यातील खरा वाद गुप्त रहस्यांविषयी नाही. माती, अन्न, देह आणि लेकरे यांना देवाचे म्हणायचे की नाही, याविषयी आहे. या वादात मी निःसंशय बायबलाच्या बाजूचा आहे. मात्र दुसरी बाजू वाचल्याशिवाय या भाताच्या लोंबीचा अर्थ इतका स्पष्ट मला कधीच दिसला नसता.

म्हणून क्रमाचा आग्रह. ज्याने चार शुभवर्तमाने सावकाश वाचलेली नाहीत त्याने थोमाच्या शुभवर्तमानाला हात घालू नये. तेथे कथानक नाही, वधस्तंभ नाही, पुनरुत्थान नाही. एकशे चौदा वचने एकापुढे एक ठेवली आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी मत्तय, मार्क किंवा लूक यांत या ना त्या रूपाने भेटतात. विसाव्या वचनातील मोहरीचा दाणा मार्कच्या चौथ्या अध्यायाशेजारी ठेवून वाचला तर एकच दृष्टांत दोन हातांतून कसा वेगळा उतरला ते दिसते, आणि असे वाचन श्रद्धेला बाधक होत नाही. शेवटच्या वचनात पेत्र म्हणतो की मरियेने निघून जावे, स्त्रिया जीवनास पात्र नाहीत, आणि उत्तर मिळते की तिला पुरुष करण्यात येईल. नॉस्टिक ग्रंथ म्हणजे स्त्रीमुक्तीचे वाङ्मय, असा जो सरसकट डांगोरा पिटला जातो तो ऐकणाऱ्या बहिणींनी हे वचन स्वतः वाचावे, आणि मग मरियेच्या शुभवर्तमानातील मरिया वाचावी, जी पेत्राच्या अविश्वासाला तोंड देऊनही शिष्यांना धीर देते. दोन्ही एकाच शिक्क्याखाली बसत नाहीत हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

आपल्याकडे या अभ्यासाची साधने मातृभाषेत असली पाहिजेत. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम १९२२ साली देहावसानापूर्वी पुरे केले आणि त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातील स्त्रियांनी ते छापले; ज्या समाजात असे काम एका बाईच्या निर्धाराने झाले तेथे 'थोमाची कृत्ये' हा एकच ग्रंथ सटीप मराठीत किंवा कोंकणीत आणणे अशक्य मानण्याचे कारण नाही. रायतूरची सेमिनरी, कारवार आणि बेळगावचे धर्मप्रांत, आणि सिरियाक जाणणारे केरळातील अभ्यासक यांनी मिळून तजवीज करावी. पहिले दोन अध्याय, गुंदाफराच्या वाड्यासह, आधी घ्यावेत. तळटीपांत तख्त-ई-बाहीचा लेख आणि नाण्यांची चित्रे द्यावीत. विवाहाच्या प्रसंगापाशी उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि काना गावच्या लग्नाची योहानातील कथा समोरासमोर छापावी. आणि प्रस्तावनेत आयरेनियसचे मत, तो जितक्या तपशिलाने देतो तितक्याच तपशिलाने, द्यावे.